डालेक : पेटीत बंद झालेल्या माणसांची गोष्ट

२१ डिसेंबर १९६३. शनिवारची संध्याकाळ. इंग्लंडमध्ये नाताळ चार दिवसांवर आलेला. बीबीसीवर 'डॉक्टर हू' नावाची एक नवी मालिका सुरू होऊन जेमतेम महिना झालाय. त्या दिवशीच्या भागाच्या शेवटी एक बाई एका अनोळखी शहराच्या धातूच्या बोळांतून एकटी चाललेली असते. मागे एकेक दार आपोआप बंद होत जातं. ती भिंतीला टेकते आणि किंचाळते. तिच्यावर काय चालून येतंय ते प्रेक्षकाला दिसत नाही. दिसतो फक्त एक पुढे आलेला हात.

आता तो हात कशाचा होता ऐका. तुंबलेलं बेसिन मोकळं करायला आपण जो रबरी पंप वापरतो ना, लाकडी दांड्याला काळी रबरी वाटी लावलेला? तोच.

हसू येतं, यायलाच पाहिजे. पण त्या रबरी वाटीने पुढचा अख्खा आठवडा इंग्लंडच्या पोरांची झोप उडवली. पुढच्या भागात त्या हातामागचा आख्खा प्राणी दिसला आणि टीव्हीच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला खलनायक जन्माला आला. त्याचं नाव डालेक. आज साठ वर्षं उलटून गेली तरी तिकडे हा शब्द शिवी म्हणूनही वापरतात आणि लाडानेही. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात त्याची नोंद आहे. १९९९ साली टपाल तिकिटावरही तो झळकला.

आपल्याकडे ही मालिका फारशी कुणी पाहिलेली नाही. १९६३ साली मुंबईत टीव्हीच नव्हता, मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ ला. मग आज यावर एवढं मोठं लिहायचं कारण काय? कारण ही नुसती भुताखेतांची करमणूक नाही. शत्रू कसा तयार होतो, भीतीतून द्वेष कसा शिजतो, आणि एखादी अजरामर गोष्ट घडली की तिचं श्रेय आणि पैसा कुणाच्या खिशात जातो, हे सगळं या सात भागांच्या एका कथेभोवती घडलंय. वेळ काढून वाचा.

सुरुवात सिडनी न्यूमनपासून. हा माणूस कॅनडाचा. बीबीसीने त्याला प्रतिस्पर्धी खासगी वाहिनीकडून आणून नाट्यविभागाचा प्रमुख केला. शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम संपायचा आणि नंतर तरुणांचा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. मधल्या वेळात पोरंही बघतील आणि आईबापही उठून जाणार नाहीत असं काहीतरी त्याला हवं होतं. त्यातून कल्पना निघाली ती काळातून प्रवास करणाऱ्या एका म्हाताऱ्याची. सोबत त्याची नात आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक, एक विज्ञानाचे आणि एक इतिहासाच्या बाई. कधी भूतकाळात जायचं, इतिहास शिकवायचा. कधी भविष्यात जायचं, विज्ञान शिकवायचं. जनतेच्या पैशावर चालणारी संस्था होती, त्यामुळे करमणुकीत थोडं शिक्षण मिसळलेलंच असायला हवं, असा एकूण हिशोब.

न्यूमनची एक अट मात्र सक्त होती. बटाट्यासारखे डोळे बाहेर आलेले परग्रहावरचे राक्षस या मालिकेत दिसता कामा नयेत. असला स्वस्त माल त्याला नको होता.

मालिकेची जबाबदारी त्याने दिली व्हेरिटी लॅम्बर्टकडे. वय २७. बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा ती एकटी स्त्री निर्माती आणि सगळ्यांत तरुण. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन. हा मूळचा लखनौचा, १९३८ चा जन्म, म्हणजे तेव्हा २४ वर्षांचा. 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन या त्याच्या आई. फाळणीच्या आदल्या वर्षी हे कुटुंब इंग्लंडला गेलं. आता बघा, १९६३ ची बीबीसी म्हणजे टाय लावलेल्या, एकाच साच्यातल्या गोऱ्या पुरुषांचं राज्य. तिथे एक तरुण ज्यू बाई, एक हिंदुस्थानी पोरगा आणि वर बसलेला एक कॅनेडियन. तिघंही बाहेरचे. सगळ्यात इंग्रजी समजली जाणारी मालिका उभी केली ती या लोकांनी.

२३ नोव्हेंबरला पहिला भाग लागला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. लोकांचं लक्ष कुठे असणार? पहिल्या भागाला ४४ लाख प्रेक्षक मिळाले, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दाखवावा लागला. वरच्या साहेबांना खर्च आधीच खुपत होता. मंजुरी होती १३ भागांची, पुढचं पुढे बघू.

पहिली कथा चार भागांची होती, आदिमानवांची. दुसरी जी ठरली होती तिचं लेखन काही जमेना. तेव्हा तयार असलेली एकच संहिता हाताशी होती, टेरी नेशनची. टेरी नेशन हा वेल्समधल्या कार्डिफचा. मूळ धंदा विनोदी लेखनाचा. टोनी हॅनकॉक या त्या काळच्या बड्या विनोदी नटासाठी तो लिहायचा. 'डॉक्टर हू'चं काम आलं तेव्हा लहान पोरांच्या मालिकेत काय लिहायचं म्हणून त्याने नाक मुरडलं होतं. पण हॅनकॉकशी बिनसलं, हातात काम राहिलं नाही आणि साहेब मुकाट्याने लिहायला बसले. लिहिलं तेही घाईघाईत. पोटासाठी घेतलेलं काम.

मालिका विभागाचे प्रमुख डोनाल्ड विल्सन यांनी ती संहिता वाचली आणि लॅम्बर्टला स्पष्ट सांगितलं की हे करू नका. यंत्रातले राक्षस! न्यूमनला नको होतं नेमकं तेच. लॅम्बर्टने उत्तर दिलं की दुसरं काही तयारच नाही. खरंच नव्हतं. चित्रीकरणाची तारीख ठरलेली, स्टुडिओ ठरलेला. शेवटी नाइलाज म्हणून ती कथा झाली. इतिहासातल्या कितीतरी मोठ्या गोष्टी अशाच 'आता दुसरं काही नाही तर हेच करू' म्हणून झालेल्या असतात, फक्त नंतर त्यांना दूरदृष्टी असं नाव मिळतं.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण खरा मुद्दा गोष्टीतच आहे.

स्कारो नावाचा ग्रह. जंगल आहे पण सगळं दगड झालेलं. फार पूर्वी इथे दोन जमातींमध्ये महायुद्ध झालं आणि शेवटी न्यूट्रॉन बॉम्ब फुटला. युद्ध एका दिवसात संपलं आणि ग्रहही. मागे उरले दोन गट. एक थाल. एकेकाळी हे कडवे लढवय्ये होते, आता शेतीवर जगतात आणि शस्त्राला हात लावत नाहीत. लढाईने काय होतं हे त्यांनी पाहिलंय. दुसरा गट डालेकांचा. किरणोत्सर्गाने त्यांची शरीरं इतकी विद्रूप झाली की त्यांनी स्वतःला धातूच्या पेट्यांत बंद करून घेतलं. हात नाही, पाय नाही, चेहरा नाही. एका दांड्यावर एक डोळा, एक बंदूक आणि तो रबरी हात. शहराच्या धातूच्या फरशीतून मिळणाऱ्या विजेवर ते चालतात. म्हणजे शहराच्या बाहेर पाऊलही टाकता येत नाही.

आणि या डालेकांचे पूर्वज कोण होते? कथेत एक वाक्य येऊन जातं, पटकन लक्षातही येत नाही. ते शिक्षक आणि तत्त्वज्ञ होते.

इथे थोडं थांबा. लढवय्ये शेतकरी झाले आणि मास्तर लोक खुनी झाले. संस्कृती, शिक्षण, बुद्धी यांपैकी काहीही आपल्याला राक्षस होण्यापासून आपोआप वाचवत नाही. नेशनचा जन्म १९३० चा. कार्डिफवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. डालेक हे नात्झींवरून सुचले हे पुढे त्याने उघडपणे सांगितलं. आणि नात्झी कुठल्या देशातून आले? कांट आणि बेथोव्हेनच्या देशातून. हे त्या पिढीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढची गोष्ट अशी. थालांकडे किरणोत्सर्गावरचं औषध असतं. डालेकांना वाटतं, हे घेतलं की आपण पेटीतून बाहेर पडू, मोकळं जग पाहू. घेऊन बघतात तर त्यांची माणसं मरायला लागतात. पाचशे वर्षं त्या विषात राहून आता विषाचीच सवय झालेली असते. त्यांना कळतं की किरणोत्सर्ग कमी झाला तर आपण संपलो. मग ठरतं की तो वाढवायचा. अणुभट्ट्यांतला कचरा हवेत सोडून द्यायचा. थाल मरतील? मरू देत.

डालेक थालांना मारायला निघतात ते सूड म्हणून नाही. जमीन हवी, सोनं हवं म्हणूनही नाही. त्यांचा हिशोब साधा आहे. आम्ही जगायचं तर त्यांनी मेलं पाहिजे. कुठल्याही वंशसंहाराची भाषा काढून बघा, हेच वाक्य तिच्या मुळाशी सापडतं. मारणारा कधीच म्हणत नाही की मी दुष्ट आहे म्हणून मारतो. तो म्हणतो, मी स्वतःला वाचवतोय. आधी भीतीने पेटीत बसायचं. पेटीत बसून बसून बाहेरची हवा सोसेनाशी होते. मग बाहेर मोकळ्या हवेत जगणारा प्रत्येकजण धोका वाटायला लागतो. आणि शेवटी बाहेरची हवाच विषारी करून टाकायची. भीतीपासून संहारापर्यंतच्या या पायऱ्या एका लहान मुलांच्या मालिकेने संध्याकाळी चहाच्या वेळेला उलगडून दाखवल्या.

कथेत विज्ञानाचे शिक्षक या द्वेषाचं कारण सांगतात. आपल्यापेक्षा जो वेगळा, त्याच्याबद्दल वाटणारी नावड, असं काहीसं. हे ऐकणारा इंग्लंड १९६३ चा होता. त्याच वर्षी ब्रिस्टल शहरात तिथल्या बस कंपनीने काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घ्यायला नकार दिला होता. त्याविरुद्ध पॉल स्टीफन्सन या तरुणाच्या पुढाकाराने बसवर बहिष्कार घातला गेला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला कंपनीने माघार घेतली आणि सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग हे शहरातले पहिले बिगरगोरे कंडक्टर झाले. पुढच्याच वर्षी स्मेदिक मतदारसंघात वर्णद्वेषी प्रचारावर स्वार होऊन एक उमेदवार पार्लमेंटात पोचला. नेशनच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण बघणाऱ्यांच्या गल्लीत ते होतं.

आणि डोक्यावर अणुबॉम्ब होता. क्युबाचा पेचप्रसंग होऊन वर्षच झालं होतं. अण्वस्त्रांविरुद्ध हजारो माणसं दरवर्षी ईस्टरला ऑल्डरमास्टनचा मोर्चा काढत होती. ऑगस्ट १९६३ मध्ये जमिनीवरच्या, हवेतल्या अणुचाचण्या थांबवण्याचा करार झाला, तो मुळी हवेत साठत चाललेल्या किरणोत्सर्गाच्या धास्तीने. दगड झालेलं जंगल बघणाऱ्याला तो परका ग्रह वाटत नव्हता.

आता या कथेतली सगळ्यात अवघड जागा. थालांचा म्हातारा पुढारी टेमोसस शांततेचा माणूस. डालेकांकडून निरोप येतो की या, धान्य देतो, एकत्र राहू. तो विश्वासाने जातो, मोकळ्या हातांनी उभा राहतो, सलोख्याची भाषा बोलतो आणि डालेक त्याला उभ्याउभ्या मारतात. मग प्रश्न येतो. आता तरी थालांनी लढायचं की नाही?

आपले प्रवासी इथे पेचात सापडतात, कारण त्यांच्या यानाचा एक भाग डालेकांच्या शहरात राहून गेलाय. तो मिळाल्याशिवाय त्यांची सुटका नाही. म्हातारा डॉक्टर सरळ म्हणतो, थालांना लढायला लावा म्हणजे आपलं काम होईल. तेव्हा शिक्षक त्याला अडवतो. आपल्या एका सुट्या भागासाठी दुसऱ्यांची पोरं मरायला पाठवायचा आपल्याला अधिकार नाही, ही त्याची भूमिका. लढायचं तर त्यांनी त्यांच्या कारणासाठी लढावं. मग तो एक खेळी करतो. थालांच्या नव्या पुढाऱ्याला म्हणतो की तुमच्यातली एक मुलगी मी डालेकांकडे नेऊन देतो आणि बदल्यात आमचा भाग सोडवून आणतो. पुढारी त्याला ठोसा लगावतो. शिक्षक जमिनीवर पडतो, पण त्याचं उत्तर त्याला मिळालेलं असतं. म्हणजे काहीतरी आहे, ज्याच्यासाठी तुम्ही लढाल.

या प्रसंगावर तिकडे आजही वाद होतात. काहीजण म्हणतात की ही शांततावाद्यांची टिंगल आहे. काहीजण म्हणतात की १९३८ साली हिटलरसमोर नमतं घेऊन जे भोगलं त्याचा हा धडा आहे. मला दोन्ही अर्धवट वाटतं. कारण कथा लढाईचं गुणगान गात नाही. शेवटी थाल जिंकतात, पण कुणी नाचत नाही. वीज तुटलेली असते, डालेक एकेक करून विझत जातात. शेवटचा डालेक चक्क मदत मागतो. डॉक्टर त्याला सांगतो की इच्छा असती तरी ते कसं करायचं हे मला ठाऊक नाही. विजयाचा हा शेवट बराच उदास आहे. आणि दुसऱ्याच्या जिवावर युद्धाची भाषा करणाऱ्यांना आधी तुमचा स्वार्थ काय ते सांगा, असं विचारणारा शिक्षकही त्याच कथेत आहे. आज घरी सोफ्यावर बसून युद्धं करणाऱ्यांच्या काळात तो शिक्षक मला जास्त आठवतो.

कथेत दोषही आहेत आणि ते झाकायचं कारण नाही. नात्झींविरुद्धची ही गोष्ट, पण चांगली जमात कशी दाखवलीय? उंच, देखणी, सोनेरी केसांची. वाईट कोण? विद्रूप, रोगट शरीराचे. म्हणजे नात्झींना जसा 'शुद्ध' माणूस हवा होता तसेच इथले नायक. द्वेषाविरुद्ध लिहितानाही सुंदर म्हणजे चांगला आणि कुरूप म्हणजे वाईट हा जुना संस्कार लेखकाच्या हातातून सुटला नाही. आपल्या सिनेमांतला काळा, चेहऱ्यावर व्रण असलेला खलनायक आठवा, म्हणजे हा रोग काही एका देशाचा नाही हे लक्षात येईल.

आता वळूया पैशाकडे. सार्वजनिक जीवनात शेवटी गाडी तिथेच येते.

नेशनने कागदावर लिहिलं होतं ते इतकंच की पाय नसलेले, यंत्रासारखे, घरंगळत चालणारे प्राणी. रबरी पोशाख घातलेला माणूस वाटता कामा नये, एवढा त्याचा आग्रह. त्याचा प्रत्यक्ष डालेक केला रेमंड क्युसिकने. हा बीबीसीचा पगारी डिझायनर. हे काम आधी दुसऱ्याच एका तरुण डिझायनरकडे जाणार होतं, पण त्याला त्या तारखा जमल्या नाहीत. त्याचं नाव रिडली स्कॉट. हो, पुढे 'एलियन' आणि 'ग्लॅडिएटर' काढणारा तोच.

क्युसिकने हिशोब मांडला. आत माणूस बसणार, तो दमता कामा नये. म्हणून खुर्चीवर बसलेल्या माणसाची आकृती काढली आणि त्याच्याभोवती कवच आखलं. खाली चाकं, आतल्या माणसाने पायांनी ढकलत न्यायचं. पैसे बेताचे, म्हणून हाताच्या जागी तो रबरी पंप. डालेक बनले फक्त चार. गर्दी दाखवायची तर मागे त्यांचेच मोठे केलेले फोटो उभे करायचे. आवाजासाठी पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम हे दोन नट बाजूला बसून बोलायचे आणि ब्रायन हॉजसन नावाचा ध्वनितंत्रज्ञ तो आवाज रिंग मॉड्युलेटर नावाच्या उपकरणातून काढायचा. त्यातून तो खरखरीत, भावनाशून्य, एकसुरी आवाज निघाला. आतल्या माणसाने डोक्यावरचे दिवे त्या बोलण्याबरोबर लुकलुकवायचे, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. पहिल्या भागाचं चित्रीकरण तर पुन्हा करावं लागलं, कारण कर्मचाऱ्यांच्या कानातल्या सूचनांचा आवाज त्यात शिरला होता. दुसरा भाग चित्रित झाला तो दिवस २२ नोव्हेंबर, केनेडींच्या हत्येचा.

निकाल काय लागला? पहिल्या भागाला ६९ लाख प्रेक्षक. शेवटच्या दोन भागांना १ कोटी ४ लाख. म्हणजे देशातल्या दर पाच माणसांमागे जवळजवळ एक. मालिकेचं मरण टळलं. न्यूमन आधी लॅम्बर्टवर भडकला होता, त्याला नंतर आपली चूक मान्य करावी लागली. विल्सन यांनीही तिला सांगितलं की यापुढे तुमच्या निर्णयात मी पडणार नाही. १९६४ च्या शेवटी डालेक पुन्हा आले, या वेळी थेट लंडनमध्ये. वेस्टमिन्स्टर पुलावरून डालेक चाललेत, हात नात्झी सलामासारखे उंचावलेत. लंडनवर जर्मन बॉम्ब पडल्याला तेव्हा वीसच वर्षं झाली होती, त्यामुळे ते दृश्य काय बोचलं असेल याची कल्पना करा. मग खेळणी, पुस्तकं, कपडे, गाणी, १९६५ आणि १९६६ साली दोन रंगीत सिनेमे. शाळेच्या मैदानात पोरं हात ताठ करून डालेक व्हायची. थाल कुणीच व्हायचं नाही.

या सगळ्यातून आलेल्या पैशाचं काय झालं? नेशन हा बाहेरचा लेखक. त्याच्या एजंट बेरिल व्हर्ट्यू यांनी करारात त्याचा वाटा शाबूत ठेवला होता. खेळण्यांतून कधी पैसा येईल हे तेव्हा बीबीसीच्या ध्यानीमनीही नव्हतं. डालेकच्या हक्कात नेशनचा अर्धा वाटा राहिला. तो श्रीमंत झाला, केंट परगण्यात जुना वाडा घेतला. करार नीट वाचणाऱ्या माणसाचं मोल एवढं असतं.

आणि क्युसिक? तो पगारी नोकर. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं. जगभर जो आकार एका नजरेत ओळखला जातो त्याच्या कर्त्याला मिळाले शंभर पौंडांच्या घरात बक्षीस आणि मुलांच्या एका कार्यक्रमाचा बिल्ला. २०१३ मध्ये तो वारला. नियमाने बघाल तर बीबीसीने काही चुकीचं केलं नाही. पण नियमाप्रमाणे आहे आणि न्यायाचं आहे या दोन गोष्टी नेहमी एकच असतात का? आपल्याकडे गाण्याचा मूळ चालकार, पडदा रंगवणारा, शिल्पाचा साचा करणारा, दागिन्याची घडण करणारा कारागीर यांची नावं कुणाला माहीत असतात? नाव पाटीवरच्या माणसाचं होतं.

गंमत म्हणजे डालेक हे नाव कुठून आलं याचीही नेशनने एक थाप मारली होती. ज्ञानकोशाच्या एका खंडाच्या कण्यावर 'डाल ते लेक' असं लिहिलेलं दिसलं, त्यावरून सुचलं म्हणे. पुढे त्यानेच सांगितलं की पत्रकारांना काहीतरी हवं होतं म्हणून दिलं ठोकून. आजही ही थाप खरी म्हणून फिरते. व्हॉट्सअॅपच्या आधीही ही विद्या होतीच. योगायोग मात्र खरा आहे. सर्बो-क्रोएशियन भाषेत या शब्दाचा अर्थ होतो दूरचा.

मराठी वाचकाला यात एक धागा आपला सापडेल. डालेकांच्या दोन वर्षं आधी, १९६१ मध्ये, बीबीसीवर 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानकथा गाजली होती. तिचे एक लेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल. त्याच काळात केंब्रिजमध्ये त्यांच्या हाताखाली आपले जयंत नारळीकर संशोधन करत होते. मोठा शास्त्रज्ञ सामान्य लोकांसाठी विज्ञानकथा लिहितो आणि त्यात कमीपणा मानत नाही, हे उदाहरण त्यांच्या गुरूचंच होतं. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि बक्षीस घेऊन गेली. लिहिणारे नारळीकरच होते. विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ, असं म्हणणारे तिकडेही होते आणि इकडेही. दोन्हीकडे त्यांना खोटं पाडणारी माणसं निघाली.

डालेक नंतरही परत परत येत राहिले. १९७५ च्या एका कथेत त्यांचा निर्माता डाव्हरॉस दाखवला आणि इतिहास थोडा बदलला. तिथे एक माथेफिरू शास्त्रज्ञ डालेक बनवतो. कथा म्हणून ती जबरदस्त आहे, पण मला पहिली मांडणी जास्त अस्वस्थ करते. एका वेड्या माणसाने राक्षस घडवले असं म्हटलं की आपण सुटलो. शिकल्यासवरल्या लोकांनी भीतीपोटी स्वतःच्या हाताने पेटीचं झाकण लावून घेतलं असं म्हटलं की कुणीच सुटत नाही.

ब्रिटिश लोक आजही हट्टी, भावनाशून्य साहेबाला डालेक म्हणतात. नाटककार डेनिस पॉटरने १९९३ च्या एका जाहीर भाषणात बीबीसीच्याच प्रमुखाला घोगऱ्या आवाजाचा डालेक म्हणून टोला हाणला होता. ती उपमा चपखल बसते, कारण डालेकची खरी ओळख त्याची बंदूक नाही. त्याचा आवाज आहे. सगळ्यांचा एकसारखा, चढउतार नसलेला, प्रश्न न विचारणारा, फक्त हुकूम देणारा. बोलतोय कोण हे कळायला दिवा लुकलुकवावा लागतो.

आपापल्या ग्रुपमध्ये सध्या किती आवाज असे एकसारखे झालेत, ते एकदा मोजून बघा. आणि पोरांना ही जुनी कृष्णधवल कथा दाखवायची असेल तर जरूर दाखवा, सातही भाग शाबूत आहेत. त्या रबरी पंपाला ती हसतील. हसू द्या. नंतर फक्त एवढं विचारा की हे डालेक आधी कोण होते.